‘आमच्याकडे दात टिकतच नाहीत’: हिरड्यांचा रोग खरंच घराण्यातून आलाय का, हे तपासायचं कसं

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेली साठीची माणसं तोंड उघडायच्या आधी एक वाक्य हमखास बोलतात. "आमच्याकडे दात टिकतच नाहीत. आईचे पंचेचाळिशीत गेले, मामाला तर चाळिशीतच कवळी." सूर असा, की निकाल लागून गेलाय, आता नुसती सही करायची. खाण तशी माती, मग डॉक्टर तरी काय करणार?

मला हे वाक्य खोडायचं नाही. त्यात तथ्य आहे, आणि ते थोडंथोडकं नाही. पण जसं आहे तसं ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. त्याचे तुकडे करावे लागतात. कुणाचे दात, कितव्या वर्षी, कशाने गेले, आणि त्याची खूण आज तुमच्या तोंडात दिसते का? ही उत्तरं हाती आली की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं.

आधी वाटा किती, ते बघू

१९७० मध्ये श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० पुरुष मजुरांचे दात तपासायला सुरुवात झाली आणि पुढची १५ वर्षं ते काम चालू राहिलं. ही माणसं ब्रश करत नव्हती, दंतवैद्याकडे जात नव्हती. सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. म्हणजे घाण सारखीच. तरी तीन गट पडले. सुमारे ८ टक्के लोकांची हिरडी आणि हाड झपाट्याने खचत गेलं. पस्तिशीपर्यंत त्यांचे सरासरी १२ दात गेले, चाळिशीपर्यंत २०, आणि पंचेचाळिशीत तोंड रिकामं. ८१ टक्के मधल्या चालीने गेले. उरलेले ११ टक्के मात्र हिरड्या सुजलेल्या असूनही जवळजवळ एकही दात न गमावता राहिले. हा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुकं तपासलेली नव्हती, पण सारख्याच घाणीला प्रत्येकाचं शरीर सारखं उत्तर देत नाही, हे त्याने ढळढळीत दाखवलं.

जनुकांचा वाटा जुळ्यांवरून काढला गेला. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तंतोतंत जुळतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची साधारण निम्मी. २००० मध्ये अमेरिकेत जुळ्यांच्या ११७ जोड्यांच्या तपासणीतून असं निघालं, की हाड खचवणाऱ्या हिरड्यांच्या रोगात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जवळपास निम्मा आनुवंशिक आहे. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र केले तेव्हा जुळ्यांवरून आलेला आकडा ३८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. रोग जितका गंभीर, तितका जनुकांचा हात जास्त, हेही त्यात दिसलं.

इथे एक गैरसमज होतो. "निम्मा आनुवंशिक" म्हणजे तुमचे निम्मे दात आईमुळे जाणार, असं नव्हे. तो आकडा समूहातल्या फरकाचा आहे, एका माणसाच्या नशिबाचा नाही.

त्याच जुळ्यांच्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हिरड्या नुसत्या सुजणं आणि ब्रश करताना रक्त येणं, ह्यात सवयींचा हिशेब वजा केल्यावर आनुवंशिकतेचा वाटा उरलाच नाही. म्हणजे रोगाची पहिली पायरी घाणीची. जनुकं बोलू लागतात ती दुसऱ्या पायरीवर, सूज हाडापर्यंत उतरायला लागली की. हाड जंतू खात नाहीत. जंतूंना हुसकावण्याच्या नादात आपलीच प्रतिकारशक्ती इतकी खवळते, की हाड विरघळवणाऱ्या आपल्याच पेशी कामाला लागतात. ती किती खवळणार आणि कधी शांत होणार, हे बऱ्याच अंशी जन्मतः ठरलेलं असतं. खवळायला निमित्त मात्र लागतं, आणि ते रोज दातांच्या मुळाशी साठतं.

पायरी पहिली: घरातल्या मोठ्यांना नीट विचारा

"आई, तुझे दात कशाने गेले गं?" असं विचारलं की उत्तर येतं, "वयाने." ह्या उत्तरावर थांबू नका. वयाने दात जात नाहीत. वयाबरोबर साठत गेलेल्या गोष्टींनी जातात.

त्याऐवजी एकेक दात धरून विचारा. दात काढायच्या आधी हलत होता का? बोटाने हलवला तर लुकलुकायचा का? काढला तेव्हा अख्खा निघाला, की तुकडे पडले? त्याला खड्डा होता का, काळा पडला होता का, रात्र रात्र ठणकायचा का? हलणारा, न किडलेला, दिसायला धडधाकट दात फारसा त्रास न देता हातात आला असेल, तर तो बहुतेक हिरडीच्या रोगाने गेला. ठणकणारा, पोखरलेला, तुकड्यातुकड्यांनी निघालेला दात किडीचा. पडून किंवा अपघातात तुटलेला अर्थातच ह्या हिशेबात नाही. आणि हेही विचारा, की तो दात गेला होता की मुळात आलाच नव्हता? काही घराण्यांत एखाद-दोन कायमचे दात उगवतच नाहीत. तेही आनुवंशिक असतं, पण त्याचा हिरड्यांशी संबंध नाही.

मग वय विचारा. आकडा आठवत नसेल तर प्रसंगाला बांधून: "माझ्या लग्नात तुझ्या समोरच्या दाढा होत्या का?" आल्बम काढा. हसतानाचा जुना फोटो आणि दहा वर्षांनंतरचा फोटो शेजारी ठेवा. दात लांब दिसायला लागलेत, वरच्या पटाशीच्या दातांमध्ये पूर्वी नव्हती ती फट आलीय, एखादा दात पुढे झुकलाय, ह्या खुणा फोटोत चक्क दिसतात. दात लांब होत नसतात. हिरडी आणि हाड खाली सरकलेलं असतं.

तंबाखू आणि मधुमेहही विचारा, आणि ह्या प्रश्नाला फाटा देऊ नका. मामा दिवसाला वीस सिगारेटी ओढत असतील, तर त्यांच्या कवळीचं सगळं खापर आजोबांच्या रक्तावर फोडता येणार नाही. घराण्यातून येणारं सगळंच रक्तातून येत नाही. ब्रश कसा धरायचा, दुखल्याशिवाय डॉक्टरकडे जायचं नाही, हेही आपण घरातच शिकतो. हिरड्यांना त्रास देणारे काही जंतूसुद्धा घरातल्या घरात लाळेतून एकमेकांकडे जातात.

हे सगळं वहीच्या एका पानावर येतं: नाव, कितव्या वर्षी किती दात, हलून की किडून, तंबाखू, साखर. दोन किंवा अधिक सख्ख्या नातेवाइकांचे दात पन्नाशीच्या आत हलून गेले असतील आणि त्यांना तंबाखू किंवा मधुमेह नसेल, तर आनुवंशिकतेचा संशय घ्यायला जागा आहे. सत्तरीनंतर चार दाढा गेल्या असतील, तर फारशी नाही.

पायरी दुसरी: स्वतःचं तोंड आरशात

रक्त येतंय का, ते बघा. पण तंबाखू ओढणाऱ्यांनी ह्या खुणेवर भिस्त ठेवू नये. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि आतून हाड खचत असताना हिरडी वरून फिकट, शांत दिसते. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांनी रक्त यायला लागलं म्हणून घाबरून पुन्हा सुरू करणारे लोकही असतात. ते रक्त म्हणजे हिरडी पुन्हा जागी झाल्याची खूण असते.

बाकीच्या खुणा: अन्न पूर्वी अडकत नसे तिथे अडकायला लागणं, तोंडाचा वास, दातांमधल्या हिरडीच्या टोकाऐवजी काळा त्रिकोण दिसणं, चावताना एखादा दात उंच लागणं, अर्धी कवळी अचानक ढिली होणं. दुखणं ह्या यादीत मुद्दामच नाही. हा रोग बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तर माणसं उशिरा येतात.

पायरी तिसरी: आकडे मागून घ्या

हा लेख मी ह्या पायरीसाठीच लिहितोय. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पण हे करा.

दंतवैद्याकडे गेल्यावर "नुसतं स्केलिंग करून द्या" म्हणू नका. "सगळ्या दातांचं पॉकेट चार्टिंग करा आणि मला त्याची प्रत द्या" म्हणा. पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी ह्यांच्यामधली खाच. तिची खोली मोजायला मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळई लागते. ती त्या खाचेत हळूच सरकवतात, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे बोलत जातात आणि मदतनीस लिहीत जाते: तीन, दोन, तीन, दोन, दोन, तीन, तीन, दोन, सहा. त्या सहावर तुमचे कान टवकारले पाहिजेत. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ पासून पुढे लक्ष द्यायची जागा, ६ म्हणजे तिथे ब्रश पोचतच नाही. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते टाळलं जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक्स-रे, आणि त्यावर एक साधा भागाकार. २०१८ पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात रोगाचा वेग असाच ठरवतात. सगळ्यात खराब दात निवडायचा. त्याच्या मुळाच्या लांबीपैकी किती टक्के हाड गेलंय ते बघायचं आणि त्याला वयाने भागायचं. उत्तर ०.२५ पेक्षा कमी आलं तर वेग मंद, ग्रेड ए. ०.२५ ते १ मध्यम, ग्रेड बी. १ च्या वर झपाट्याचा, ग्रेड सी.

समजा, ७० वर्षांच्या आईच्या एका दाढेचं ५० टक्के हाड गेलंय. ५० भागिले ७० म्हणजे ०.७१. ग्रेड बी. आता ४२ वर्षांच्या मुलीचंही एका दाढेचं ५० टक्केच हाड गेलंय. ५० भागिले ४२ म्हणजे १.१९. ग्रेड सी. एक्स-रे शेजारी ठेवले तर दोन्ही दाढा सारख्याच दिसतील, आणि घरात सगळे आईची काळजी करत बसतील. पळापळ करायला हवी ती मुलीसाठी.

ह्या वर्गीकरणात ‘घराण्यात कुणाला होतं’ असा रकाना नाही, आणि त्याची फारशी गरजही पडत नाही. जनुकांनी जे काही करायचं ते करून त्याचा परिणाम ह्या भागाकारात आधीच उतरवलेला असतो. रोज १० किंवा त्याहून जास्त सिगारेटी, किंवा मधुमेह असून एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ७ टक्के किंवा त्याहून जास्त, ह्यांपैकी काही असेल तर ग्रेड थेट सीपर्यंत ढकलली जाऊ शकते.

उलटही खरं आहे. पंचाहत्तरीत २२ दात घट्ट असलेल्या माणसाने आता आजोबांची भीती बाळगायचं कारण नाही. त्याच्या जनुकांची परीक्षा होऊन गेलीय आणि तो पास झालाय. त्याचे धोके दुसरेच आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

जनुकीय चाचणी करावी का?

माझं मत विचाराल तर, हिरड्यांसाठी नको. लाळेचा नमुना द्या आणि धोका जाणून घ्या, असं सांगणाऱ्या चाचण्या बऱ्याच वर्षांपासून मिळतात. त्यातल्या नावाजलेल्या चाचणीचा आधार म्हणजे १९९७ मधला एक अभ्यास. दाह वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-१ ह्या प्रथिनाच्या जनुकांत ठरावीक बदल असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या लोकांत गंभीर रोग जास्त दिसला होता. २०१३ मध्ये ५,००० हून अधिक लोकांच्या नोंदींवरून असंही सुचवलं गेलं, की चाचणीवरून वर्षातून एकदा दात साफ करायचे की दोनदा, हे ठरवता येईल. दोनच वर्षांनी इतर तज्ज्ञांनी तीच आकडेवारी तपासून हा दावा फेटाळला.

ह्यात कुणाची लबाडीच असते असं नाही. हा रोग एका जनुकाचा नाहीच. आजवर जीएलटी६डी१, सिगलेक५, तसंच हृदयरोगाशीही नातं सापडलेला अँरिल अशी जनुकांतली काही ठिकाणं हाती लागलीत. पण प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्या पैशांत पॉकेट चार्टिंग आणि एक्स-रे करून घेतलेले बरे.

अपवाद आहेत, दुर्मीळ पण पक्के. बाळाचे दुधाचे दात पाच वर्षांच्या आत मुळासकट गळून पडले, किंवा हिरड्यांच्या रोगासोबत तळहात-तळपायांची कातडी जाड झालेली असली, अंगावर सहज काळेनिळे डाग पडत असले, वारंवार जंतुसंसर्ग होत असला, तर नुसता दंतवैद्य पुरत नाही. तळहात-तळपाय जाड करणाऱ्या पॅपिलॉन-लेफेव्र ह्या विकारात सीटीएससी हे जनुक बिघडलेलं असतं. दुधाचे दात लवकर पाडणाऱ्या हायपोफॉस्फटेशियात एएलपीएल. सहज काळेनिळे डाग पडणाऱ्या एहलर्स-डॅनलॉस विकाराच्या एका प्रकारात सी१आर किंवा सी१एस. इथे जनुकीय तपासणी आणि समुपदेशन हवंच.

उतारवयाशी जोडलेला एक नवा धागाही आहे. वय वाढतं तसे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींत नवे बदल साठत जातात. हे आईबापांकडून आलेले नसतात, आयुष्यात झालेले असतात. २०२४ मध्ये असं दिसलं, की डीएनएमटी३ए ह्या जनुकातला असा बदल उंदरांत हिरड्यांचा दाह आणि हाडाची झीज वाढवतो, आणि माणसांतही त्याचा हिरड्यांच्या रोगाशी संबंध आढळतो. ‘जनुकीय’ आणि ‘जन्मजात’ हे शब्द दर वेळी एकच नसतात, ते असं.

पायरी चौथी: काय करायचं

संशय खरा ठरला तर पहिलं काम डीप क्लिनिंग, म्हणजे हिरडीखालचं कीटण मुळावरून खरवडून काढणं. सहा-आठ आठवड्यांनंतर ते १६८ आकडे पुन्हा मोजायचे. मग दर तीन-चार महिन्यांनी देखभाल. वर्षातून एकदा येणं हे ज्यांचा भागाकार मंद आहे त्यांच्यासाठी. देखभालीत किती ताकद आहे, ह्याचं उदाहरण स्वीडनमधलं आहे. तिथे ३७५ लोकांना ३० वर्षं नियमित तपासणी आणि नीट शिकवलेली साफसफाई मिळाली. वयोगटागणिक सरासरी ०.४ ते १.८ दात गेले, तेही बहुतेक मुळाला चीर पडल्याने. चहामळ्यातले ते आकडे ह्यांच्या शेजारी ठेवून बघा.

घरी रोज दोनदा ब्रश, फ्लोराइडवाली पेस्ट. पण घराण्यात हिरड्यांचा रोग असेल तर खरी लढाई दोन दातांच्या मधल्या फटीत असते, आणि तिथे ब्रशचे केस जात नाहीत. फट अरुंद असेल तर फ्लॉस. हिरडी सरकून फट मोठी झाली असेल तर दातांमध्ये घालायचा छोटा ब्रश. त्याचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तो किंचित अडकत आत गेला पाहिजे. सैल गेला तर घासत नाही, कोंबावा लागला तर हिरडी फाडतो. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागतात. पहिला आठवडा रक्त येईल. थांबू नका.

तंबाखू सोडणं हा ह्या यादीतला सगळ्यात वजनदार उपाय आहे. २००० मधल्या अमेरिकी आकडेवारीनुसार धूम्रपान करणाऱ्यांना हिरड्यांच्या रोगाचा संभव सुमारे चौपट होता. सोडून ११ वर्षं झालेल्यांचा मात्र कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास आला. मधुमेह असेल तर दोन्हीकडून काम होतं: साखर ताब्यात आली की हिरड्या सुधारतात, आणि हिरड्यांच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सीचा आकडा साधारण ०.४ ने खाली येतो.

औषधांची यादी खिशात घेऊन जा. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपीनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळ आटली की उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. पंचाहत्तरीतल्या घट्ट दातांचा खरा शत्रू हा. अशांना डॉक्टर जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देतात. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील, तर दात काढायच्या आधी सांगायलाच हवं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका.

हात थरथरत असतील किंवा बोटं आखडली असतील, तर जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश द्या. विसरभोळेपणा वाढलेल्या आजींचे दात दुसऱ्या कुणी घासायचे असतील, तर समोरून ब्रश तोंडात घालू नका. त्यांच्या मागे उभं राहून, त्यांचं डोकं आपल्या अंगाला टेकवून घासा. समोरून येणारा हात त्यांना घाबरवतो. आणि रात्री कवळी काढून ठेवा.

पायरी पाचवी: पान पुढे द्या

तुमचा भागाकार १ च्या वर आला असेल, तर सख्ख्या भावंडांना फोन करा. जनुकांचा निम्मा हिस्सा तुमच्याशी जुळतो तो त्यांचा, शिवाय तुम्ही एकाच घरात ब्रश करायला शिकलात. मुलं विशीत-तिशीत असतील तर त्यांना एकदा पूर्ण चार्टिंग करून घ्यायला लावा, दुखत काही नसलं तरी. आकडे तीनच्या आत आले तर ती प्रत जपून ठेवायला सांगा. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं की फरक कळतो. दरम्यान कुठे हाड २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खचलं असेल, तर तोही झपाट्याचाच रोग मानतात, वयाचा भागाकार काहीही येवो.